जुन्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये टाइल्सवर टाइल्स बसवल्या तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग तीस वर्षं जुनी, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून बाथरूम नवीन करायचंय, आणि ठेकेदार म्हणतोय तोडफोड कशाला, जुन्या टाइल्सवरच नवीन बसवतो, चार दिवसांत काम खलास. अहो, हाच शहाणपणा मी २०१२ साली डोंबिवलीत केलाय. नका करू.

दिसायला झकास झालं होतं, आलेले पाहुणे मुद्दाम बाथरूम बघून यायचे. पण जुनी लादी, तिच्यावर सिमेंटचा माल, त्यावर नवी लादी असं करत जमीन दीड इंच वर आली, उंबरठा नावापुरता उरला आणि आंघोळ झाली की पाणी पॅसेजमध्ये. तेवढं पायपुसण्यावर भागवलं. आठ-नऊ महिन्यांनी खालच्या काकू वर आल्या, भांडायला नाही, मोबाइलमधला फोटो दाखवायला, त्यांच्या किचनच्या छतावर पिवळट नकाशा उमटला होता आणि गंमत म्हणजे तो डाग माझ्या बाथरूमच्या बरोबर खाली नव्हताच, दोन-तीन फूट बाजूला होता, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी छातीठोकपणे सांगत होतो की आमचं नाहीये.

आमचंच होतं. लादी पाणी अडवते हा आपला गैरसमज आहे, सांध्यातल्या व्हाइट सिमेंटमधून थोडं थोडं पाणी रोज खाली उतरतच असतं. जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा जवळपास फूटभर खाली घेतलेला असतो, गवंडी त्याला संक म्हणतात, आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे नि राबिट (बांधकामाचा मलबा) भरून त्यातच पाइप आणि नहाणी ट्रॅप (जमिनीवरच्या जाळीखालचं, वास अडवायला पाणी धरून ठेवणारं भांडं) पुरलेला असतो. ट्रॅपचा सांधा सुटला की तो खड्डा म्हणजे टाकीच. वर कितीही महागाची लादी लावा, टाकी भरतच राहते आणि पाणी जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे टॉयलेट-सिंकच्या अशा आतल्या लीकेजचा खर्च ज्याच्या घरातलं लीकेज त्यानेच करायचा, सोसायटी फक्त पावसाचं पाणी आणि बाहेरच्या कॉमन पाइपांचं बघते. म्हणजे काकूंचं छत रंगवून देणं पण माझ्याकडेच आलं.

२०१९ ला सगळं उखडलं. राबिट काढलं तेव्हा खालचा थर ओला चिंब, कुबट वास, आणि जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप हातात घेतला तर आतून गंजाने भरत आलेला, जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट. शॉवरला प्रेशर नाही म्हणून आम्ही इतकी वर्षं टाकीला शिव्या घालत होतो.

तर तुमच्या बजेटमधला मोठा वाटा लादीच्या खालच्या कामाला ठेवा, लादी साधी चालेल. संक स्लॅबपर्यंत रिकामा करायचा, नहाणी ट्रॅप नवीन, गरम-गार दोन्ही लाइन सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणारा, न गंजणारा प्लास्टिकचा पाइप), मग जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे मालाचा गोल वाटा काढायचा, म्हणजे कोपरा भरून गोलाई द्यायची (पाणी बहुतेक वेळा कोपऱ्यातूनच शिरतं) आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात जमिनीवर नि भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला त्याहून वर. शक्य असेल तर संकच्या तळाला बाहेरच्या भिंतीतून एक छोटा पाइप काढून घ्या, उद्या आत पाणी साठलंच तर ते बाहेर ठिबकेल आणि तुम्हाला कळेल, काकूंच्या आधी.

यानंतर जे करायचं ते करायला एकही ठेकेदार राजी नसतो, कारण त्याचे दोन दिवस फुकट जातात. ट्रॅपचं तोंड बंद करून तीन-चार इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. रेघेपासून पाणी सूतभर (इंचाचा आठवा भाग) उतरलं तर हवेने आटलं म्हणता येईल, पण बोटभर उतरलं तर परत कोट. आणि रोज संध्याकाळी खाली जाऊन छत बघून यायचं. आमचा ठेकेदार म्हणाला साहेब मी गॅरंटी देतो ना, मी म्हटलं गॅरंटी ठेव तुझ्याकडे, पाणी भर. पहिल्या वेळी पाणी उतरलंच, ट्रॅपच्या कडेला केसाएवढी फट होती.

लादी बसवताना ढाळ बघा, फुटाला एक ते दोन सूत, नहाणीकडे. मी मुलाची गोटी घेऊन चारही कोपऱ्यांतून सोडून बघितली, गवंडी हसला पण एका कोपऱ्यात गोटी थांबली तशी ती लादी त्याने गुपचूप काढली. ओली असतानाच निघते, नंतर नाही. जमिनीला मॅट फिनिशच्या बारा बाय बाराच घ्या, मोठ्या लादीला चारही बाजूंनी ढाळ नीट देता येत नाही. सांधे इपॉक्सीने भरून घ्या, महाग पडतं पण व्हाइट सिमेंटसारखं पाणी पीत नाही.

सासूबाईंसाठी कमोडच्या बाजूला नि शॉवरपाशी पकडायला दांडा लागेल, तो कुठे येणार ते आधीच ठरवून भिंत तिथे भरीव ठेवायला सांगा, पोकळ लादीवर स्क्रू मारलेला दांडा धरून कोणी उठलं तर दांड्यासकट खाली. कमोड घेण्याआधी भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या आणि ट्रॅप एस आहे (पाणी जमिनीत जातं) की पी (भिंतीत जातं) ते बघा, आम्ही न बघता घेतला आणि टेम्पोचं भाडं दोनदा दिलं. गीझरला १६ ॲम्पचा पॉइंट, स्विच बाथरूमच्या बाहेर, आणि बोर्डात ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी टाकून घ्या. गॅस गीझर असेल तर तो बाथरूममध्ये नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सगळे पाइप झाकण्याआधी मापाची टेप लावून फोटो काढा. दोन वर्षांनी टॉवेलचा हुक लावताना मी थँक्यू म्हणालो होतो स्वतःला.

नंतरची निगा फार नाही. लादी बाजारातल्या कडक ॲसिडने धुऊ नका, सिमेंटचे सांधे खाऊन टाकतं, आणि ॲसिड नि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, विषारी वायू होतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग सौम्य सायट्रिक ॲसिडने जातात, शॉवरच्या चाळणीला व्हिनेगर भरलेली पिशवी रात्रभर बांधून ठेवायची. फ्लशच्या टाकीत चार थेंब नीळ टाका, अर्ध्या तासात न ओढता कमोडमध्ये निळं दिसलं तर वॉशर गेलाय. आणि महिनाभर गावी जाणार असाल तर नहाणीत बादलीभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडा, ट्रॅपमधलं पाणी लवकर आटत नाही, नाहीतर परत आल्यावर वास आणि झुरळं स्वागताला.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या स्वतःच्या बाथरूमच्या छताला ओल आहे का बघितलंत? असेल तर आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बोला, मग तुमचं काम काढा.