निटलीडरवर आकृती बरोबर काढूनही स्वेटर आखूड का होतो?

आपण लिहिले आहे की जुन्या घरगुती निटिंग मशीनबरोबर आपल्याला निटलीडर (आकृती पाहून कोणत्या ओळीला किती सुया घ्यायच्या हे दाखवणारे जोडउपकरण) मिळाला, त्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर स्वेटरची आकृती आपण मोजपट्टी लावून नीट काढली, आणि तरीही विणून झालेला पाठीचा भाग तीन-एक सेंटिमीटर आखूड भरला. तेव्हा दोष यंत्रात आहे की आकृतीत? माझ्या अंदाजाने दोन्हींत नाही. दोष नमुन्याच्या तुकड्यात, म्हणजे टाके-ओळींचे माप घेण्यासाठी आधी विणतो त्या तुकड्याच्या मोजणीत असावा, कारण माझ्या हातून अगदी हीच चूक झाली होती.

निटलीडर स्वतः काहीही मोजत नाही. कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकवायचा मशीनचा भाग, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली की तिचा धक्का खटक्याला बसतो आणि कागद एका ओळीच्या उंचीइतका पुढे सरकतो. ती उंची किती धरायची हे आपण चकतीवर सांगायचे असते: १० सेंटिमीटरमध्ये ४० ओळी बसत असतील, तर चकती ४० वर. तसेच १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके बसत असतील, तर टाके मोजायची ३० आकड्याची पट्टी निटलीडरच्या खाचेत घालायची. आकृती मध्यरेषेपासून एकाच बाजूची, म्हणजे अर्धीच काढतात, कारण मशीनवरच्या सुयाही मधल्या शून्यापासून डावीकडे आणि उजवीकडे मोजल्या जातात. पुढचा भाग ४६ सेंटिमीटर रुंद हवा असेल, तर आकृतीच्या कडेची रेघ मध्यापासून २३ सेंटिमीटरवर येईल आणि ३० च्या पट्टीवर ती ६९ हा आकडा दाखवील. म्हणजे दोन्ही बाजूंना ६९-६९ सुया कामात घ्यायच्या. ब्रदर कंपनीच्या निटलीडरवर आकृती पूर्ण मापाची असते. सिल्व्हर रीड कंपनीच्या निट रडार या तशाच उपकरणाच्या काही प्रकारांत ती अर्ध्या मापाची काढावी लागते, म्हणून आपले उपकरण कोणते आहे हे एकदा पाहून घ्यावे. मात्र ती चूक झाली असती तर फरक तीन सेंटिमीटरवर थांबला नसता.

आता नमुन्याविषयी. साधारण साठ टाके घालून थोडे विणावे, मग वेगळ्या रंगाच्या धाग्याने दोन ओळी, मग मूळ धाग्याने ६० ओळी, पुन्हा वेगळ्या रंगाच्या दोन ओळी आणि शेवटी थोडे साधे विणकाम. या ६० ओळींच्या मध्यावर आल्यावर शून्यापासून डावीकडच्या आणि उजवीकडच्या एकविसाव्या सुईवर रंगीत दोरा अडकवावा, म्हणजे दोन खुणांच्या मध्ये बरोबर ४० टाके राहतात. इथवर सगळेच करतात. चूक होते ती यानंतरच्या उतावीळपणात.

दादरच्या एका दुकानातून आणलेल्या सुती धाग्याचा नमुना मी मशीनवरून उतरवला आणि तसाच टेबलावर ठेवून मोजला. ६० ओळींची लांबी १६.२ सेंटिमीटर भरली, म्हणजे दहा सेंटिमीटरला ३७ ओळी. चकती ३७ वर ठेवून भाच्यासाठी बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ विणली, उंची ४० सेंटिमीटर धरून, आणि ओळी बरोबर १४८ झाल्या. दुसऱ्या दिवशी ती पाठ ३७ सेंटिमीटर भरली. मग कोपऱ्यात पडलेला नमुना पुन्हा मोजला, तर त्याच ६० ओळी आता १५ सेंटिमीटरमध्ये बसल्या होत्या. मशीनवर असताना वजने कापडाला खाली ओढत असतात, त्यामुळे टाका उभा ताणला जातो आणि आडवा अरुंद होतो. उतरवल्यावर तो हळूहळू आपल्या मूळ आकारात येतो. म्हणजे १० सेंटिमीटरला खऱ्या ओळी ४० होत्या, मला १६० विणायला हव्या होत्या, आणि निटलीडरने मी सांगितलेल्या चुकीच्या आकड्याप्रमाणे अगदी इमानाने काम केले होते.

म्हणून नमुना उतरवल्यावर रात्रभर सपाट पडू द्यावा. धागा सुती असेल, आणि मुंबईत अंगाला सोसेल असा स्वेटर बहुधा सुतीच असतो, तर तो नेहमी धुतो तसा धुऊन, आडवा वाळवून मगच मोजावा. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत, कारण दमट तुकड्याचे माप धरण्यात अर्थ नाही. अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री टेकवू नये, टाका कायमचा लुळा पडतो. टेन्शनचा (टाका किती घट्ट-सैल यावा याचा) आकडा नमुन्याला जो होता तोच प्रत्यक्ष विणताना ठेवावा, हे सांगायला नको, पण मी एकदा तेही विसरले आहे.

आकृतीबद्दल दोन-तीन गोष्टी. शिवणकामाच्या कागदावरून आकृती उतरवली असेल, तर शिलाईसाठी सोडलेली जागा काढून टाकावी; विणलेल्या भागाला जोडण्यापुरता कडेचा एक टाका पुरतो. स्वेटरच्या खालच्या काठाच्या पट्टीचे टाके आणि ओळी वेगळ्या मापाच्या असतात, म्हणून ती विणताना निटलीडर बंद ठेवून अंगाचे विणकाम सुरू होताना आकृतीची सुरुवातीची रेघ पट्टीशी आणून ओळींची मोजणी शून्यापासून धरावी. मुंढ्याला रेघ एकदम आत वळते तिथे पाच-सहा टाके बंद करावे लागतात, आणि हे फक्त धागा ज्या बाजूला आहे तिथेच करता येते; त्यामुळे दुसऱ्या बाजूचे टाके पुढच्या ओळीला बंद होतात. एका ओळीचा हा फरक दिसत नाही, त्यासाठी कागद मागे-पुढे करू नये.

एक गैरसोय मात्र आपल्या हवेची आहे. या कागदावरची शाईची रेघ ओल्या फडक्याने पुसता यावी अशी असते, आणि मे महिन्यात गिरगावातल्या माझ्या खोलीत ती घामेजल्या मनगटानेच पुसली जाई. आता मी मुंढ्याचे आणि गळ्याचे आकडे विणण्याआधीच वहीत उतरवून ठेवते: कोणत्या ओळीला किती सुया.

त्या वहीचा सर्वांत जास्त उपयोग गळ्याशी होतो. तिथे एक खांदा थांबवून दुसरा आधी विणायचा असतो, आणि तो संपेपर्यंत कागद वर सरकलेला असतो. पहिला खांदा विणायला घेण्यापूर्वीच रो काउंटरवरचा (मशीनच्या ओळी मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा लिहून ठेवावा आणि कागदावर त्या जागी बारीक खूण करावी. दुसऱ्या खांद्याला कागद त्या खुणेपर्यंत मागे गुंडाळून काउंटरही त्याच आकड्यावर आणावा. नुसता काउंटर मागे नेला आणि कागद तसाच राहिला, तर एक खांदा दुसऱ्यापेक्षा आखूड होतो, आणि तो दोष नमुना कितीही नीट मोजला तरी जात नाही.