‘उद्या कंपनीच राहिली नाही तर?’

“मॅडम, आधी एक सांगा. तुम्ही फाईल ठेवता का?”

खुर्चीत टेकायच्या आतच समीरनी (नाव बदललं आहे) विचारलं. वैमानिकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. फाईलमधली नोंद लायसन्ससाठीच्या वैद्यकीय तपासणीत आड येईल, ही मेडिकलची धास्ती! दुसराही ठरलेला: उद्या कंपनीच राहिली नाही तर? २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी माझ्या अंधेरीच्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन माणसं आली आणि त्यांत नोकरी गेलेल्यांपेक्षा नोकरी शाबूत असलेलेच जास्त होते.

समीर त्यांतलेच. वय एकोणचाळीस, कॅप्टन. कंपनीने नवा करार सहीसाठी दिला होता आणि तेव्हापासून झोप तीन तासांवर आली होती. गोळीचा विषय त्यांनीच काढला. मी स्पष्ट सांगितलं, विमान चालवणाऱ्याने अशी गोळी मित्राच्या सल्ल्याने घ्यायची नाही, वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. आणि तीन तासांच्या झोपेवर उडायचंही नाही. त्यांनी दोन दिवस ड्युटी घेतली नाही.

“करारात काय खुपतंय?”

“शाश्वती कुठेच नाही.”

“पूर्ण वाचलात?”

जरा वेळाने उत्तर आलं, “व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे बोलतायत तेवढं.”

समीरचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, ती गेलीच. “घरात मी एकच शब्द ऐकत वाढलो, मॅडम. पक्की नोकरी.” दुसरा कुणी समुपदेशक असता तर इथूनच त्यांच्या बालपणात, लालबागच्या चाळीत शिरला असता आणि महिनाभर बाहेर आला नसता. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारसरणीची. भीती कुठून आली यापेक्षा आज तिला खुराक कोण घालतंय, हे मी आधी बघते.

म्हणून गृहपाठ दिला. “करार वाचा. आणि जे कलम असतं तर तुम्हाला शांत झोप लागली असती, ते स्वतः लिहून आणा.”

पुढच्या भेटीत त्यांनी घडी घातलेला कागद उलगडला आणि विमानात घोषणा करतात त्या आवाजात वाचला: “कंपनी कोणत्याही परिस्थितीत बंद पडणार नाही आणि सदर वैमानिकाची नोकरी निवृत्तीपर्यंत अबाधित राहील.”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला वीस वर्षं लागली आहेत.

“यावर सही कोण करणार?” त्यांनीच विचारलं. मग हसले, डोळे पुसले. “अमेरिकेत कपात सिनिऑरिटीच्या यादीच्या शेपटाकडून होते, परत बोलावणंही यादीप्रमाणे. करारातच असतं. मी हेच सगळ्यांना सांगत फिरतोय. पण १९९१ च्या डिसेंबरात तिथली पॅन अ‍ॅम ही विमान कंपनीच बंद पडली, तेव्हा ती यादी घेऊन माणूस जाणार कुठे? दुसऱ्या कंपनीत तो पुन्हा शेवटच्या नंबरावर.”

नोकरी टिकावी असं वाटण्यात वावगं काहीच नव्हतं. ती टिकलीच पाहिजे आणि तसं कुणीतरी लिहून दिलं पाहिजे, हा हट्ट झोप खात होता. त्या दिवशी मला माझीही चूक दिसली. आधीच्या कितीतरी जणांना मी “तुम्हाला दुसरीकडे मिळेल” म्हणाले होते. तेही न पाळता येणारं कलमच.

हट्ट सुटला की माणूस हात झटकून बसेल, अशी शंका घरचे घेतात. उलट होतं. समीरनी करार खरोखर वाचायला घेतला. नोटीशीपाशी ते चिडले, आणि रास्त चिडले. २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी सोडणाऱ्या कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. “मी निघालो तर एक वर्ष. कंपनी बुडाली तर एक रात्र.”

हा राग उपयोगी होता. तो घेऊन ते सहकाऱ्यांकडे गेले. करार हातात असलेल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: एकट्याने मागू नका, आणि मागाल ते पाळता येईल असं मागा. महिन्याला किती तासांच्या पगाराची हमी? विस्तारा या विमान कंपनीचं एअर इंडियात विलीनीकरण होताना, २०२४ मध्ये, सत्तरचे चाळीस तास होण्यावरूनच केवढा वाद झाला होता. कपात कुठल्या क्रमाने? परत बोलावणार का? ट्रेनिंगचा बाँड म्हणजे मुदतीआधी नोकरी सुटली तर ट्रेनिंगचे पैसे भरण्याचा लेखी करार; कंपनीनेच काढलं तर ते पैसे कोण भरणार? विलीनीकरणात सिनिऑरिटी कशी लावणार? वाटाघाटीतलं नसलेलं एक कामही आहे, लायसन्स जाण्याचा विमा. कंपनी बुडण्याची भीती सगळ्यांना, मेडिकलची धास्ती असूनही त्यात बाद झालो तर पैशांचं काय, याचा विचार मात्र कुणी करत नाही. सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला हवी, हे तर मी घरकर्ज काढायच्या आधीच सांगितलं असतं. पण माणसं नंतर येतात.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. बाँडचं कलम बदलून मिळालं होतं. परत बोलावण्याचं नाही मिळालं.

“मग?”

“सही केली. विम्याचा फॉर्म भरतोय, त्यात मानसिक आजारासाठी उपचार घेतलेत का असा रकाना आहे. तुमच्याकडे आलो ते धरायचं का?”

“विमा कंपनीला लेखी विचारा,” मी म्हटलं, “आणि उत्तर जपून ठेवा.”