बाप साडेचारला जागा, लेक दीडपर्यंत जागाच

प्रश्न: ताई, आमच्याकडे झोपेवरून रोज कटकट. मिस्टर सातपूरला फर्स्ट शिफ्टला जातात, पण सुट्टीच्या दिवशीही साडेचारला टक्क जागे, मग रेडिओ काय, भांड्यांची आदळआपट काय. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला, त्याला रात्री दीडशिवाय झोपच येत नाही आणि सकाळी सातला उठवलं की अंगावर येतो. मिस्टर म्हणतात आळशी आहे, सगळं मोबाईलमुळे. खरंच का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: आळस नाहीये हो. मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका असतो, आपलं रोजचं घड्याळ तो चालवतो, आणि माणसामाणसात ते थोडं पुढे-मागे असतं. कोण लवकर उठणारं, कोण रात्री फॉर्मात येणारं, यातला बराचसा भाग जन्मतःच ठरलेला असतो, जुळ्यांच्या अभ्यासातही तेच दिसलंय. त्यात वय. तेरा-चौदापासून झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास सगळ्यात उशिराची होते आणि नंतर हळूहळू मागे येते, म्हणून पन्नाशीतला बाप आणि विशीतला लेक एका घरात म्हटल्यावर भांडण ठरलेलंच! सासूबाई असतील तर विचारा त्यांना, हे साहेब कॉलेजला असताना किती वाजता उठायचे.

मोबाईलचं म्हणाल तर थोडं खरंय. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, उशिरा वाढतं आणि झोप आणखी लांबते. पण सकाळवाले आणि रात्रवाले ओळखायची हॉर्न आणि ऑस्टबर्गची प्रश्नावली १९७६ सालची आहे, तेव्हा कुठे होते मोबाईल?

आता करायचं काय, तर घड्याळ थोडं सरकवता येतं, उलटं करता नाही येत. सगळ्यात जास्त काम सकाळचा उजेड करतो. उठल्या उठल्या त्याला चहाचा कप देऊन गच्चीवर पाठवा, अर्धा तास, खोलीतली ट्यूबलाइट त्यापुढे काहीच नाही. थंडीत आपल्याकडे सूर्यच सातच्या पुढे उगवतो, तेव्हा अंधारात ओढून उठवण्यात काही पॉइंट नाही. कॉलेज रोडवरची रात्रीची कॉफी बंद, कारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. आणि रविवारी बारापर्यंत लोळणं नको, तासभर जास्त चालेल, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अवघड विषय त्याला रात्री नऊ-दहाला करू द्या, पहाटेच्या अभ्यासाचा हट्ट मला तरी पटत नाही. मिस्टरांना मात्र हेडफोन घेऊन द्या, रेडिओ बंद करायला सांगितलं तर ऐकायचे नाहीत! भरपूर झोपूनही मुलगा दिवसभर पेंगत असेल किंवा जोरात घोरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: दुपारी अडीचला ऑफिसात डोळे मिटतात, डबा जड होतो का?
– अंबड

उत्तर: डबा हलका केलात तर फरक पडेल, पण जेवला नाहीत तरी त्या वेळेला थोडी सुस्ती येतेच, ती त्या घड्याळाचीच. वीस मिनिटं डुलकी काढा, तासभर नको, उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप उडते ते वेगळंच. साहेबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.