एमएच १२ गाडी बडोद्यात आणल्यावर: फेरनोंदणी, ॲपची वर्गणी आणि विमा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात २०२२ मध्ये घेतलेली पेट्रोल गाडी तुम्ही बदलीमुळे चार महिन्यांपूर्वी बडोद्याला आणली. क्रमांक लगेच बदला, असे कोणी सांगते, तर कोणी काहीच करू नका म्हणते. त्यातच गाडीबरोबर तीन वर्षे मोफत मिळालेली, फोनवरून एसी लावणे किंवा गाडी कुठे आहे ते पाहणे अशी ॲपची सेवा संपली आणि गाडी सुरू केली की पडद्यावर रोज नूतनीकरणाची सूचना येते. या सगळ्याला वैतागून गाडी विकून टाकावी का, असे तुम्ही विचारले आहे.

विकू नका. तुमचा वैताग खरा आहे, पण त्यात दोन अगदी वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. सरकारी नियमांचा त्रास किती, कशाबद्दल आणि किती रुपयांचा हे कुठे ना कुठे लिहिलेले असते, त्यामुळे तो एकदा सोसला की संपतो. कंपनीच्या वर्गणीला मात्र अशी सीमा नसते. ती आज किती आहे हे कळते, पण पुढच्या वर्षी किती असेल आणि कोणती सुविधा तिच्या आत ओढली जाईल, हे गाडी घेताना कोणी लिहून देत नाही. म्हणून पहिल्याला शांतपणे सामोरे जावे आणि दुसऱ्याला प्रश्न विचारावेत, असे माझे मत बडोद्यातल्या बावीस वर्षांच्या गाडी चालवण्यानंतर झाले आहे.

आधी क्रमांकाचे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर चालते. त्यामुळे ‘एमएच’ पाटी दिसली म्हणून कोणी अडवून दंड मागितला, तर तो मुकाट्याने देऊ नये. मात्र कलम ४७ असे सांगते की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. शिवाय राहण्याचा पत्ता बदलल्यास तीस दिवसांत कळवावे, असे कलम ४९ मध्ये आहे, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसते. तुम्हाला चारच महिने झाले आहेत, म्हणजे क्रमांकाबाबत घाबरण्यासारखे काही नाही. पत्ता कळवायचा राहिला असेल, तर तो मात्र आता कळवून टाका. पण गाडी इथे कधी आली याचा पुरावा जवळ असू द्या. करजणजवळच्या टोलनाक्यावर ज्या दिवशी फास्टॅगमधून पैसे कापले गेले, त्या दिवसाचे विवरण बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले तर तेवढे पुरते. वर्षाहून अधिक राहणार हे नक्की असेल, तर दहाव्या महिन्यात काम सुरू करा, कारण पुण्याहून कागद यायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसते.

आता पैशांचे. इथे तुमची स्थिती तुम्हाला वाटते तितकी वाईट नाही. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर बारा टक्के एकरकमी कर घेतला जातो, तर गुजरातमध्ये व्यक्तीच्या नावावरील देशी बनावटीच्या मोटारीवर तो सहा टक्के आहे आणि बाहेरून आलेल्या जुन्या गाडीवर वय पाहून कमी करून लावला जातो. हा कर पंधरा वर्षांचा धरलेला असल्यामुळे, इथे कर भरून नवा क्रमांक मिळाल्यावर उरलेल्या वर्षांचा परतावा पुण्याच्या आरटीओकडे मागता येतो. तो मिळायला वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो आणि कित्येक लोक कंटाळून तो सोडून देतात. तुमच्या गाडीची किंमत तेरा लाखांच्या आसपास असेल, तर तुम्ही दीड लाखाहून अधिक कर भरलेला आहे आणि साडेअकरा वर्षे शिल्लक आहेत. अशा वेळी परतावा इथल्या करापेक्षा जास्त निघण्याचीच शक्यता अधिक. तो सोडू नका. तुमची कंपनी चार किंवा अधिक राज्यांत असेल आणि पुढेही बदल्या होणार असतील, तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बीएच’ म्हणजे ‘भारत’ क्रमांक मालिकेचा विचार करा, तिच्यात राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, आणि डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधी नोंदलेल्या गाडीलाही ती घेता येते.

प्रत्यक्ष काम असे चालते. पुण्याच्या कार्यालयाकडून नमुना २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती जोडायची, आणि मग इथे दरजीपुऱ्याच्या आरटीओत नमुना २७ देऊन नव्या क्रमांकासाठी अर्ज करायचा. माझ्या मेहुण्यांची नाशिकची गाडी अशीच ‘जीजे ०६’ झाली तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते. सर्व कागद नीट लावलेले होते, तरी अर्जावर चॅसी क्रमांकाची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाची, पेन्सिलने घेतलेली छाप नव्हती, म्हणून आम्हाला परत पाठवले गेले. बाहेर एजंट त्याच एका कामाचे तीनशे रुपये मागत होता. बऱ्याच गाड्यांत चालकाशेजारची सीट मागे सरकवली की तिच्याखालच्या गालिच्यात एक कापलेली झडप असते. ती उचलून, धूळ ओल्या फडक्याने पुसून, पातळ कागद पत्र्यावर घट्ट धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. काळ्या रेघांमधून सतरा अक्षरे-आकडे एकेक करून पांढरे उमटतात. आम्हाला पहिल्या दोन खेपांना ‘८’ आणि ‘बी’ यांत फरक दिसेना, तिसरी छाप स्वच्छ आली. तुम्ही घरीच सावकाश चार-पाच छापा घेऊन ठेवा. नवा क्रमांक मिळाल्यावर उच्च सुरक्षा पाटी पुन्हा बसवावी लागेल, फास्टॅगवर आणि विमापत्रावरही तो नोंदवावा लागेल. विम्याच्या दरांसाठी पुणे ‘अ’ विभागात आणि बडोदे ‘ब’ विभागात येते, त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता थोडा कमी व्हायला हवा. विमा कंपनी ते आपणहून करेल असे धरून चालू नका.

आता वर्गणीकडे येते. या विषयावर मी पूर्वीही लिहिले आहे, कारण मला तो मनापासून लागतो. माझ्या गाडीची तीन वर्षे संपली तेव्हा माझ्याही पडद्यावर हीच सूचना आली होती. मी कपाटातून गाडी घेतानाचे माहितीपत्रक काढले. पानभर मोठ्या अक्षरांत ‘फोनवरून एसी सुरू करा’ असे लिहिलेले होते, ‘करा’च्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी करड्या अक्षरांत इतका बारीक छापलेला होता की मला वडिलांचे भिंग आणावे लागले. ‘ठरावीक काळानंतर शुल्क लागू’ एवढेच तिथे होते. किती शुल्क, आणि ते भरले नाही तर नेमके काय बंद पडेल, याचा एक शब्दही नव्हता. विक्रेत्याने तर गाडी दाखवताना ही सुविधा ‘गाडीतच आहे’ असे दोनदा सांगितले होते. मला राग शुल्काचा आला नाही, या लपवाछपवीचा आला.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. फोनवरून एसी लावणे, गाडी कुठे आहे ते पाहणे, ती ठरवलेल्या हद्दीबाहेर गेल्याची सूचना मिळणे, या गोष्टी गाडीत बसवलेल्या सिमकार्डावर आणि कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. त्यांचा खर्च दर महिन्याला होतो, म्हणून त्यासाठी पैसे मागणे मला अन्यायाचे वाटत नाही. ते आधी स्पष्ट सांगायला हवे, एवढेच. परंतु जो भाग गाडीत बसवलेला आहे, ज्याची किंमत आपण दिलेली आहे आणि जो चालवायला बाहेरच्या कोणाचीही गरज नाही, त्याला सॉफ्टवेअरचे कुलूप घालून किल्ली भाड्याने देणे हे सरळ चुकीचे आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी ठेवली होती. तार सीटमध्ये, वीज गाडीच्या बॅटरीची, आणि तरी भाडे! ग्राहकांचा विरोध इतका झाला की २०२३ मध्ये कंपनीने ती योजना गुंडाळली. ग्राहक बोलले म्हणून हे झाले. आपल्याकडेही लोकांनी आताच बोलायला हवे, कारण उद्या हेच बाकीच्या सुविधांच्या बाबतीत होऊ शकते.

तुम्ही पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेल लिहा आणि वर्गणी न भरल्यास नेमक्या कोणत्या गोष्टी बंद होतील, त्यांची यादी मागा. त्यातही गाडीत आतून छताला असलेल्या, मदत मागवण्याच्या आणीबाणीच्या बटणाबद्दल स्वतंत्रपणे विचारा. बटण तसेच चकाकत राहते आणि त्यामागची सेवा मात्र बंद झालेली असते, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण घरातली वडीलधारी माणसे त्यावर विसंबून असतात. मला उत्तर यायला एकोणीस दिवस लागले, पण ते लेखी आले आणि त्यात ते बटणही बंद होणार असल्याचे होते. मी त्या दिवशी सासूबाईंना बटण दाखवून सांगितले की आता फोनवरून ११२ लावायचा आणि राष्ट्रीय महामार्गावर असू तर १०३३. नकाशाच्या अद्ययावतीकरणासाठी पैसे देण्याची तर मुळीच गरज नाही. केबलने फोन जोडला की फोनचाच नकाशा पडद्यावर येतो. उत्तर आलेच नाही, किंवा विक्रीच्या वेळी सांगितले त्याच्या उलट आले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि माहितीपत्रकाचा फोटो जोडा. वाहन कंपन्यांपुढे ग्राहकाचे काही चालत नाही, हे खरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला होता, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले, तरी एका सामान्य ग्राहकाच्या तक्रारीवरून तो विषय तिथवर पोहोचला होता.

मी स्वतः वर्गणी भरली नाही. ते पैसे मी विम्यातील इंजिन संरक्षणाच्या जोडकलमात घातले, आणि बडोद्यात राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीच्या वाहनतळात पाणी बॉनेटपर्यंत आले होते. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी ‘चालू होते का पाहू या’ म्हणून बटण दाबले. एकच जड ठोका ऐकू आला आणि पुन्हा शांतता. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरले असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सीट, वायरिंग, गालिचे मान्य केले आणि इंजिनाचा दावा नाकारला, कारण साध्या विम्यात पाण्यात बुडालेली गाडी सुरू केल्याने झालेले नुकसान धरत नाहीत. शेजाऱ्यांकडे झिरो डेप, म्हणजे भागांची झीज वजा न करता भरपाई देणारे कलम, होते आणि त्यात इंजिन येते अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची आहे, इंजिन संरक्षणाचे कलम वेगळे घ्यावे लागते. मी बटणाला हात लावला नाही, फोटो काढले, विमा कंपनीला कळवले आणि दोन दिवस वाट पाहून गाडी उचलून नेणाऱ्या सपाट वाहनावरूनच ती गॅरेजला नेली. तुमचे घर अकोटा, समा, फतेहगंज किंवा नदीकाठच्या कोणत्याही भागात असेल, तर पुढच्या नूतनीकरणात हे कलम आहे की नाही ते आजच विमापत्र उघडून पाहा.

एवढे करूनही पुढे कधी गाडी विकलीच, तर नमुना २९ आणि ३० भरण्याबरोबरच गाडीच्या पडद्यावरून आपले खाते काढून टाका आणि सर्व माहिती पुसून टाका. जुनी गाडी विकत घेतानाही हेच पाहावे. आधीच्या मालकाचे खाते तसेच राहिले, तर त्याच्या फोनवर तुमची गाडी रात्री कुठे उभी आहे ते दिसू शकते.

सध्या मात्र पहिले काम पुण्याच्या चलानांचे करा. ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून काही थकलेले आहे का ते पाहा. कोथरूडला सिग्नलवर रेघेपुढे थांबल्याचे दोनशे-पाचशे रुपये जरी उरलेले असले, तरी ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज तिथेच अडकतो, आणि मेहुण्यांचे सहा आठवडे त्यातच गेले होते. ते भरून झाले की पावती उतरवून घ्या, मग वेळ आली की नमुना २८ भरायला बसा. कर्ज कोणत्या बँकेचे आहे ते कळवलेत, तर संमतीपत्रासाठी काय मागतात ते मी लिहीन.