'स्टटर'ला 'तोतरा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इलेक्ट्रॉनिक संगीतावरच्या एका लेखाचं मराठी करताना 'स्टटर इफेक्ट'ला, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा कापून तो झटपट पुन्हा पुन्हा वाजवण्याच्या तंत्राला, 'तोतरा परिणाम' म्हटलंय, पण ते कानाला खटकतंय. दुसरा शब्द सुचेल का?

खटकतंय ते योग्यच आहे. 'तोतरा' हा शब्द माणसाला लावतात, आणि बहुतेक वेळा हिणवायलाच. शिवाय बोलताना ज्याची अक्षरं अडतात, त्याची ती मनाविरुद्ध अडतात. स्टटरमध्ये कुठे अडायचं, किती वेळा, किती वेगाने, हे संगीतकार मोजूनमापून ठरवतो. 'बोबडा' तर सोडूनच द्या. बोबड्या बोलात 'र'चा 'ल' होतो, अक्षर पुन्हा पुन्हा येत नाही.

'पिन अडकणे' हा आपला वाक्प्रचार जवळचा वाटतो, पण वेगात मार खातो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. पिन अडकली की तेवढा, म्हणजे बहुधा दोन-तीन शब्दांचा, तुकडा फिरून येतो. स्टटरचा तुकडा यापेक्षा कितीतरी लहान असतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग १२५चा.

गायिकेने 'थांब' म्हटलंय असं समजा. सुरुवातीचे १२५ मिलिसेकंद कापून तीनदा लावले, की ऐकू येतं 'था-था-था-थांब'. 'थ'चा आघात दर वेळी नव्याने बसतो, म्हणून तो तुकडा तालवाद्यासारखा वाजतो. हीच कात्री थोडी पुढे, स्वराच्या मध्यावर लावली तर आघात निघून जातो आणि उरतो नुसता हेलकावणारा 'आ-आ-आ'. इथे आपसूक ओठांवर येणारं क्रियापद म्हणजे अडखळणे. ते पायालाही चालतं आणि जिभेलाही, त्यात कुणाला कमी लेखणं नाही, आणि प्रयोजक रूपही सहज होतं: आवाज अडखळवला. माझं मत याच शब्दाला.

तुकडा निम्मा निम्मा करत नेला की मात्र अडखळणंही मागे पडतं. सेकंदाला आठ वेळा 'तडतड', सोळा वेळा 'टर्रर्र', आणि चौसष्ट वेळा झालं की कान मोजणं सोडून देतो. साधारण विसाच्या पुढे सुट्या आघातांचा सलग सूर व्हायला लागतो. चौसष्टला खर्जातली घुमघुम ऐकू येते. मराठीत अशा नादानुकारी शब्दांची केवढी श्रीमंती आहे! लेखात वेग सांगायचा असेल तर हे शब्द बेधडक वापरा, वाचकाला आकड्याआधी आवाज ऐकू येईल.

एक फरक मात्र जपा. काही जण दुसऱ्याच गोष्टीलाही स्टटर म्हणतात: तिथे तुकडा परत येत नाही, आवाज पुढे चालूच असतो, फक्त ठरावीक अंतराने बंद-चालू होतो. फोनवर आपण म्हणतोच ना, "आवाज तुटक येतोय"? तोच 'तुटक' इथे चपखल बसतो. मला आधी 'कातरलेला' सुचला होता, पण 'कातर स्वर' म्हटलं की दाटून आलेला गळा आठवतो, म्हणून तो बाजूला ठेवला.

स्टुडिओत सगळे 'स्टटर'च म्हणतात, आणि इलेक्ट्रॉनिक संगीतकार ब्रायन ट्रान्सो यांच्या तंत्रावर बेतलेलं, २०११ साली आलेलं प्लगइनही (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) 'स्टटर एडिट' याच नावाचं आहे. तेव्हा तंत्राचं नाव म्हणून 'स्टटर' राहू द्या, क्रिया मराठीत सांगा: "शेवटच्या ठोक्यावर 'थांब' अडखळवा, मागचे सूर तुटक करा."