पायरेट्सची गोष्ट पोरांना कुठून सांगावी?

प्रश्न : आमच्या शाळेत पोरं-पोरी सॉफ्टबॉल खेळतात, त्यांना मोठ्या बेसबॉलबद्दल काहीतरी सांगायचंय. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीममध्ये आपली दोन भारतीय पोरं होती म्हणतात, खरंय का? आणि या टीमचे सांगण्यासारखे क्षण कोणते?
– एक क्रीडाशिक्षक, औसा

उत्तर : सर, खरंय. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशातले, भालाफेकवाले, २००८ला पायरेट्सनी त्यांना पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, म्हणून घेतलं. पण ते खालच्या लीगमध्येच खेळले, मेन टीमपर्यंत पोचले नाहीत.

आता क्षण म्हणाल तर पहिला १९६०ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडच्या बेसबॉलची फायनल. सातपैकी चार मॅच जिंकायच्या, आणि समोर न्यूयॉर्क यँकीज. त्यांनी तीन मॅच जिंकल्या त्या १६-३, १०-० आणि १२-० अशा, नुसतं धुतलं हो, सगळ्या सिरीजचे रन मोजले तर यँकीज ५५ आणि पायरेट्स २७, तरी शेवटची मॅच सुरू व्हायच्या आधी दोघांच्या मॅच तीन-तीन! १३ ऑक्टोबरला सातवी मॅच, ९-९, नववी म्हणजे शेवटची इनिंग, बॅटिंगला बिल मॅझेरोस्की, ज्याचं नाव खरं तर फिल्डिंगसाठी, त्यानं बॉल थेट भिंतीपलीकडं घातला आणि खेळ तिथंच खल्लास, १०-९. सातवी मॅच अशी होमरननं संपलेली आजपर्यंत ती एकच.

१९७१ आणि १९७९लाही ते वर्ल्ड सिरीज जिंकले. १९७१च्याच १ सप्टेंबरला त्यांनी नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिन असे उतरवले, मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, तसं आधी कधीच झालं नव्हतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात आधी रॉबर्टो क्लेमेंटे सांगा. पोर्तो रिकोचा माणूस, १९५५पासून शेवटपर्यंत पायरेट्सकडंच, जर्सी २१ नंबरची. ३० सप्टेंबर १९७२ला त्याचा ३०००वा हिट (बॉल मारून बेस गाठला की हिट) आला. (३० सप्टेंबर म्हटलं की आपल्याकडं किल्लारीच आठवते, १९९३ची ती पहाट तुमच्या भागात कुणाला सांगायला नको.) त्याच डिसेंबरात निकाराग्वात मोठा भूकंप झाला, क्लेमेंटेनं मदत गोळा करून पाठवली, पण ती लोकांपर्यंत पोचू देत नाहीत असं कळलं, तेव्हा आपण सोबत असलो तर कुणी अडवणार नाही म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतःच सामानाच्या विमानात बसला. विमानात वजन जास्त झालेलं, उडाल्या उडाल्या समुद्रात कोसळलं. वय ३८. त्याचा मृतदेहही सापडला नाही. तो ३०००वा हिट लीगमधला शेवटचाच ठरला.

हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, रिटायर झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवला आणि १९७३लाच घेतलं. लोकांसाठी काम करणाऱ्या खेळाडूला मेजर लीग दरवर्षी त्याच्या नावानं अवॉर्ड देते. किल्लारीला मदत घेऊन आलेले ट्रक पाहिलेली माणसं तुमच्या पोरांच्या घरात असतील सर, ही गोष्ट त्यांना लगेच कळंल, नियम-बियम मग शिकवा.