तुमचे प्रश्न: माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ

प्रश्न: आजोबांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ माळ्यावर सापडला, वीसेक वर्षं तरी कुणी लावलेला नाही. आतले पाचही व्हॉल्व्ह शाबूत दिसतायत, सोल्डरिंग मला येतं. आधी प्लग लावून बघू का? आणि व्हॉल्व्ह नवे घ्यावे लागतील का?

उत्तर: दोन्हीला नाही, आणि पहिल्याला तर जोरात नाही! मोह होतो माहितीये, मीही एकदा असाच "बघू तर काय होतंय" म्हणून लावला, मिनिटभर मस्त खरखर आली, मी खूश, मग आवाज फाटायला लागला आणि मेण जळल्यासारखा वास सुटला, मागून डोकावलो तर आउटपुट व्हॉल्व्हची (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हची) प्लेट, म्हणजे आतला धातूचा पत्रा, लालबुंद. प्लग ओढला पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) गेलाच. आणि हे सगळं कशामुळे तर एका बोटभर कागदी कपॅसिटरमुळे.

हा कपॅसिटर ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (करंट कमी-जास्त करणाऱ्या आतल्या जाळीपर्यंत) असतो. त्याने फक्त आवाज पुढे सोडायचा, डीसी अडवायचा, पण कागदात दमट हवा शिरली की डीसी झिरपायला लागतो, ग्रिड पॉझिटिव्ह होते आणि व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो. म्हणून सगळ्यात आधी हा बदला, 630 व्होल्टचा पॉलिएस्टर चालतो. मग पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ते आतून सुकलेले असतात, तिथे 450 व्होल्टचे टाका. मेनच्या दोन वायरींमध्ये कपॅसिटर असेल तर तोही काढा, त्या जागी एक्स2 प्रकारचाच (मेनवर लावायलाच बनवलेला) लावा. मायकाचे (अभ्रकाचे) सहसा ठणठणीत असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका वेळी एकच बदला आणि आधी फोटो काढून ठेवा नाहीतर कुठली वायर कुठे यावरून डोकं धराल.

आता पहिल्यांदा चालू करताना 60 वॉटचा पिवळा फिलामेंटवाला बल्ब मेनच्या एका वायरीत सिरीजमध्ये लावा, म्हणजे रेडिओचा सगळा करंट त्यातूनच जाईल (एलईडी नाही चालणार). बल्ब भगकन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद.

व्हॉल्व्ह मात्र शेवटचे संशयित, बहुतेक वेळा ते चांगलेच निघतात. पुसताना काचेवरचा नंबर जपा, तो नुसत्या बोटानेही निघून जातो आणि त्यात माहिती असते. ई ने सुरू होणारे, म्हणजे ईएल84 वगैरे, 6.3 व्होल्टच्या हीटरचे. यू ने सुरू होत असतील, यूसीएच वगैरे, तर जास्त सांभाळा, त्यांचे हीटर एकामागोमाग सिरीजमध्ये असतात, अशा सेटला बहुतेकदा मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चॅसी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेनच्या लाइनवर असू शकते. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (मेनपासून सेट वेगळा ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडा चालवू नका, सिरीज बल्बने शॉकपासून काहीही बचाव होत नाही. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट राहू शकतात, 10 किलोओहम 5 वॉटच्या रेझिस्टरने उतरवा, मीटरने बघा, मगच हात घाला.

प्रश्न: स्टेशन लागतात पण आवाज बारीक येतो. आयएफच्या (रेडिओच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) डब्यांतले स्क्रू फिरवून बघू का?

उत्तर: अजिबात नको. ते 455 किलोहर्ट्झच्या आसपास जुळवलेले असतात, सिग्नल जनरेटर नसेल तर पुन्हा जागेवर आणताना नाकी नऊ येतील, शिवाय आतली कोअर (स्क्रूने फिरणारा गाभा) जुनी झाली की पटकन तुटते. आधी रेझिस्टर मोजा, जुने कार्बनचे हमखास वाढलेले सापडतात.